कोण राह्यलं?

उजव्या हाताचं पहिलं बोट संगणकाच्या पडद्याला जवळजवळ टेकवून तो चेहरे मोजायचा. ओठ हलायचे, आवाज नसायचा. बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, खालच्या ओळीत उतरायचं, पुन्हा वर यायचं. मग खुर्ची आमच्याकडे वळवून, खोलीतल्या प्रत्येकावर संशय असल्यासारखा बघत तो विचारायचा, "कोण राह्यलं?"

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरायचं. कारण काम संपलं असं मला वाटायला लागलं की नेमका तेव्हाच तो यायचा. मी कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवते. वक्तशीर आहे आणि तापट आहे. विद्यार्थ्यांना हे पहिल्या आठवड्यात कळतं. याला शेवटच्या वर्षापर्यंत कळलं नाही, किंवा कळूनही त्याने मनावर घेतलं नाही.

डांगे चौकाजवळ त्याच्या वडिलांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. घर थेरगावातलं जुनं, त्यामुळे बोलणं अजून गावाकडचं. पोरं त्याला शेठ म्हणायची, मीही चिडले की शेठच म्हणायचे. आपल्याकडचे फ्लेक्स तुम्ही पाहिलेच आहेत. मध्ये गॉगल लावलेला वाढदिवसाचा मानकरी, वर गोलात बसवलेले नेते, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. सिग्नलला थांबलो की आपण ते वाचून हसतो. तो कधी हसायचा नाही. कोणाचा चेहरा केवढा, कोण कोणाच्या शेजारी चालेल आणि कोण मुळीच चालणार नाही, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं.

"शाळेत असताना माझ्याकडनं एक चेहरा राह्यला होता," त्याने मला एकदा सांगितलं. "मंडळाचा फ्लेक्स. त्या माणसानं अख्खा मांडव उभा केला होता मॅडम. फ्लेक्स लागला, तसा तो दुकानात आला. आमाला वाटलं, आता मारतोय. तर स्टुलावर बसला नि म्हणला, मी दिसलो न्हाई का तुला?"

"मग?"

"मग काय. मारलं असतं तर परवडलं असतं."

तेव्हापासून त्याला दोन खोडी जडल्या. एक म्हणजे तो प्रश्न. दुसरी म्हणजे भेटेल त्याचा फोटो काढून ठेवायचा. प्रयोगशाळेत कोणी यंत्र दुरुस्त करायला आला की हा मोबाइल वर करणार. "कशाला रे?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "असलेला बरा."

आमच्या चमूत तो आला तो अर्थातच चित्रं काढायला. विद्यार्थ्यांची सिंथेटिक बायोलॉजीची एक मोठी स्पर्धा असते, परदेशात. जीवाणूत बाहेरून डीएनएचा तुकडा घालायचा आणि त्याच्याकडून एखादं नवं काम करून घ्यायचं. आमच्या मुलांनी ठरवलं होतं, पाण्यात क्रोमियम असेल तर जांभळा होणारा जीवाणू बनवायचा. भोसरीत धातूला मुलामा देणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत, तिथल्या धुण्याच्या पाण्यात क्रोमियम असतं. कल्पना सईची. सई माने म्हणजे चमूची म्होरकी. हुशार, हट्टी, आणि रागावली की बोलणं बंद करणारी.

शेठला मी ती सगळी भानगड फळ्यावर काढून समजावली. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे छापून झालेल्या फ्लेक्सवर नंतर एक फोटो चिकटवायचा. पण असा, की मूळचाच वाटला पाहिजे." मी गेली कित्येक वर्षं हे शिकवते आहे. आता हेच वाक्य वापरते.

या स्पर्धेचा एक कडक नियम आहे. कोणी काय केलं, हे स्पर्धेच्या संकेतस्थळावर एका पानावर उघड लिहावं लागतं. विद्यार्थ्यांनी काय केलं, शिक्षकांनी काय सांगितलं, बाहेरच्या कोणी कशाला हात लावला, सगळं. लपवलं तर काम कितीही चांगलं असो, बाद. बाकीच्या मुलांना तो नियम म्हणजे कटकट वाटायची. शेठला वाटलं, जगात शेवटी कोणीतरी शहाणा भेटला.

त्याने पानाचा पहिला आराखडा आणला आणि मी कपाळाला हात लावला. प्राचार्य वर गोलात. "हा फोटो कामाचा न्हाई, परवानगीचा," त्याने खुलासा केला. खाली मुलं, मग मी. मग दुसऱ्या कॉलेजातल्या ज्या सरांनी त्यांचं यंत्र वापरू दिलं ते. मग प्रयोगशाळेची भांडी धुणाऱ्या मावशी. आणि मध्येच, भांडून चमू सोडून गेलेला रोहन.

"हा काढ," सई म्हणाली. "अर्ध्यात पळून गेला तो."

"पळाला ना. पण पहिले दोन तुकडे त्यानंच जोडलेत. तो गेला म्हणून ते सुटले का?"

सईने बोलणं बंद केलं. रोहन राहिला.

शेठचा खरा राग होता एका ओळीवर. फ्लेक्सच्या तळाला लिहितात ना, 'आणि समस्त मित्रपरिवार', तिच्यावर. "ज्याला नाव द्यायचं न्हाई, त्याला त्या पोत्यात कोंबत्यात," तो म्हणायचा. मुलांनी गमतीने आमच्या पानाखाली ती ओळ टाकून बघितली, तर हा दिवसभर कोणाशी बोलला नाही.

तुम्हाला वाटत असेल, एवढं सगळं करणारा हा पोरगा स्वतःचंच नाव विसरला असणार. छे! रेखाटनं, मांडणी, छायाचित्रं अशा तीन ठिकाणी त्याने स्वतःचं नाव घातलं होतं, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुकानाचंही. ते मी काढायला लावलं.

पान बंद व्हायचा दिवस आला. त्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी ते आपोआप बंद होणार होतं. त्यानंतर एक अक्षर बदलता येत नाही. दुपारचं जेवण झालं तेव्हा सगळं तयार होतं. सगळ्यात वर आमचं सगळ्यात चांगलं चित्र: काचेच्या दोन नळ्या, एकीत नळाचं पाणी, फिकट, दुसरीत कारखान्याचं पाणी, गर्द जांभळं. प्रयोगशाळेत क्रोमियम घालून बनवलेल्या द्रावणात जीवाणू कोणाचाही जांभळा होतो. खऱ्या पाण्यात झाला, हीच आमची कमाई होती.

त्याने बोट पडद्यापाशी नेलं. मोजलं. पुन्हा मोजलं. खुर्ची वळवली.

"कोण राह्यलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "बंद कर आता."

"पाणी कोणी दिलं?"

एकाने वही उघडली, दुसरीने चष्मा पुसायला घेतला. आधी मला वाटलं, मुलं दमलीत. मग लक्षात आलं, सगळे सईकडे न बघण्याचा प्रयत्न करताहेत. पानावर लिहिलं होतं, 'पाण्याचा नमुना भोसरी परिसरातून मिळवला.' ते वाक्य मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

"सई?"

"पप्पांनी," ती म्हणाली.

सईचे वडील मारुतीराव भोसरीतल्या एका मुलाम्याच्या कारखान्यात कामाला होते. लातूरकडून आलेले, बरीच वर्षं एकाच ठिकाणी. लेकीने मागितलं म्हणून त्यांनी धुण्याच्या टाकीतल्या पाण्याची एक बाटली भरून आणली होती, मालकाला न विचारता. खरं तर त्यात काही काळंबेरं नव्हतं. ते शुद्ध करण्याआधीचं पाणी, त्यात क्रोमियम असणारच. पण मालक तपासणीच्या नुसत्या नावाने घाबरणारा. फाटकाबाहेर थेंब गेला तर नेणारा परत आत येणार नाही, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

"नाव लागलं तर त्यांची नोकरी जाईल," सई म्हणाली. "आणि या वयात त्यांना दुसरी कोण देणार?"

मी म्हणाले, "मग ते चित्र काढा. नाव देता येत नसेल तर तो निकालही नको."

"ते काढलं तर राहतं काय, मॅडम?" तिचा आवाज चिरकला. "वर्ष गेलं आमचं त्यात!"

कोणीतरी सुचवलं, 'परिसरातून' आहे ते काय वाईट आहे. दुसरा म्हणाला, परीक्षक कशाला भोसरीत येतायत. मी दोघांवरही ओरडले. खोलीत नुसता कालवा. मला नियम दिसत होता, सईला वडील दिसत होते, आणि घड्याळ दोघींनाही दिसत होतं.

शेठ उठला. खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

"चला मॅडम."

"कुठे?"

"काकांना विचारू. न विचारता फोटो लावायचा न्हाई हे तर हायच. पण न विचारता काढायचा पन न्हाई. दुकानाचा नियम हाय."

"फोनवर विचार ना!"

"फोनवर माणूस नको म्हणतो. सवयीनं म्हणतो."

या वयात मी कोणाच्या स्कूटरवर मागे बसत नाही. त्या दिवशी बसले. नाशिक फाट्याला गाड्या अडकल्या होत्या. हा पोरगा फटीफटींतून घुसत होता आणि मी त्याच्या खांद्याला धरून, आयुष्यात कधी न दिलेल्या शिव्या पुटपुटत होते. मला सारखं वाटत होतं, आपण एका माणसाच्या पोटावर पाय द्यायला निघालो आहोत आणि तेही त्यालाच विचारून.

कारखान्यापाशी पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. फाटकासमोर चहाची टपरी. मारुतीराव डबा घेऊन बाहेर आले, मला बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मॅडम? तुमी इथं कशाला आलाव? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे, बरी आहे," मी घाईने म्हणाले. शेठने त्यांना टपरीच्या आडोशाला नेलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. पाणी तुमी दिलं, ते लिहायला लागतंय. नाव लावू का नको, तुमी सांगा.

मारुतीराव नुसते उभे राहिले. डब्याची कडी बोटाने वर करत, खाली करत. त्यांना नको म्हणायचं होतं हे दिसत होतं. पण ते म्हणतही नव्हते.

तेवढ्यात फाटकातून एक पांढरी गाडी बाहेर आली आणि आमच्यासमोर येऊन थांबली. काच खाली झाली. मालक.

"काय रे मारुती, कोण हे?"

मारुतीराव म्हणाले, "पोरीच्या कालेजच्या मॅडम हायत, साहेब."

"कॉलेजच्या? इथं? काय झालं?"

मी पर्स उघडून उगाच आत काहीतरी शोधायला लागले. वर्गात कधी माझं असं झालेलं नाही. शेठ गाडीच्या काचेपाशी वाकला.

"साहेब, काकांच्या पोरीनं परदेशातल्या स्पर्धेत भाग घेतलाय. नावं लावायचं काम माझ्याकडं हाय. आज शेवटचा दिस. काकांना विचारायला आलोय, नाव कसं लावू?"

एकही शब्द खोटा नव्हता. मी नंतर पुष्कळदा ते वाक्य तपासून पाहिलं.

मालक खूश झाला. "वा! लाव की मोठ्या अक्षरात. काय मारुती, सांग ना!"

मारुतीरावांनी शेठकडे पाहिलं. कडी खाली केली.

"सई मारुती माने," ते म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "पुरं लाव, बाळा. मधलं सोडू नको."

गाडी निघून गेली. मारुतीरावांनी बाहीने मान पुसली.

"माझं येगळं नगं," ते हळूच म्हणाले. "लेकराच्या नावात हाय तेवढं बास हाय. पर मला इचारलं तुमी." त्यांनी टपरीवाल्याला चहा सांगितला. मी घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, पाहुण्यांना असं सोडत नसतात. तो कढत चहा मी दोन घोटांत संपवला.

निघताना शेठने सवयीने मोबाइल वर केला. मी त्याच्या दंडाला धरलं. "नाव नको म्हणालेत ना ते?"

"लावत न्हाई, मॅडम. असलेला बरा."

परत आलो तेव्हा मुलं दारातच उभी होती. सई भिंतीला टेकून. शेठ तिच्यापाशी गेला आणि म्हणाला, "विचारलं. नाव नको म्हणले. पण तुझं पुरं लावायला सांगितलंय." तिला ते कळायला एक क्षण लागला. मग तिने ओढणी तोंडावर धरली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असल्या गोष्टी जमत नाहीत, पण ठेवला.

मग नुसती धावपळ. जुनं वाक्य काढून नवं लिहिलं: 'पाणी भोसरीतल्या एका कारखान्यातल्या कामगाराने स्वतःच्या जबाबदारीवर दिलं. त्यांना विचारलं आहे. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही.' आणि एकट्या सईचंच नाव लांब दिसायला नको, म्हणून शेठने सगळ्यांची नावं पुरी करायला घेतली. पानावर आतापर्यंत नाव आणि आडनाव एवढंच होतं, परदेशी पद्धतीने. आता प्रत्येक जण ओरडून आपल्या वडिलांचं नाव सांगत होता. एकीने आईचं सांगितलं. रोहनच्या वडिलांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. सईने स्वतः त्याला फोन लावला. त्या दोघांचं किती महिन्यांनी बोलणं होत होतं, कोण जाणे. "तुझ्या वडिलांचं नाव काय?" एवढंच तिने विचारलं, आणि मग थोडं थांबून, "थँक्यू रे."

पान बंद झालं तेव्हा शेठचं बोट अजून शेवटच्या ओळीवर होतं.

पुढे परीक्षकांनी विचारलंच, हा बिननावाचा माणूस कोण? सईने ताठ उभं राहून सांगितलं, "त्यांनी नाव नको म्हटलं. आम्ही त्यांना भेटून विचारलं." परीक्षक बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. आम्हाला पदक मिळालं. सगळ्यात मोठं नाही, पण मिळालं.

कॉलेजने चौकात फ्लेक्स लावला. छापला अर्थातच शेठने. मुलांचे चेहरे, पुरी नावं, वर गोलात प्राचार्य. मी खालपर्यंत वाचत गेले आणि थबकले. तळाला लिहिलं होतं, 'आणि समस्त मित्रपरिवार'.

"काय शेठ," मी म्हणाले, "शेवटी पोतं वापरलंच?"

"एकच माणूस हाय त्यात, मॅडम," तो म्हणाला.

मारुतीरावांच्या मालकाने तो फ्लेक्स पाहिला म्हणे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, मारुती, तुझी पोरगी चौकात लागली.

शेठ आता इथे नाही. पालिकेने फ्लेक्सवर बडगा उगारला, दुकान बसलं, आणि तो बडोद्याकडे एका लेबलं छापणाऱ्या कंपनीत लागला. दिवाळीला एक निरोप आला होता, त्यालाही वर्ष झालं. आमच्याकडे नवी मुलं आहेत, हुशार आहेत, त्यांचं पान वेळेच्या खूप आधी तयार होतं. ते तयार झालं की खोलीत जरा शांतता पसरते आणि मला वाटतं, आता कोणीतरी खुर्ची वळवेल. कोणी वळवत नाही. मग मीच विचारते. मला तो प्रश्न त्याच्यासारखा विचारता येत नाही. माझ्या तोंडी तो दटावणीसारखा लागतो. मला त्याची फार आठवण येते, हे लिहून टाकते. समोर असता तर कधी म्हटलं नसतं.

यंदा सईला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. पेढे खायला मारुतीरावांनी घरी बोलावलं. भोसरीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे पत्र्याची ओसरी. पत्रा गळतो म्हणून खालून एक जुना फ्लेक्स ताणून बांधला होता. आपल्याकडे सगळेच बांधतात. बाहेरून येताना मला नुसतं पांढरं कापड दिसलं होतं. कारण छापील बाजू आत होती.

"त्यानंच बांधून दिलं जाताना," मारुतीराव म्हणाले. "म्हणला, काका, ह्यो बाहेर लावायचा न्हाई. एकच काढलाय."

मी मान वर केली. तोच फ्लेक्स. मुलं, मी, मावशी, यंत्रवाले सर, रोहन. तळाला 'समस्त मित्रपरिवार' नव्हतं. त्या जागी एक चेहरा होता, चहाच्या टपरीपुढचा, हातात डबा, मान नुकतीच पुसलेली. खाली लिहिलं होतं: मारुती माने. पाणी.

मारुतीरावांनी खुर्ची नेमकी त्याच्याखाली सरकवली आणि मला बसवलं. सई आत चहा टाकत होती. मी पेढा हातात तसाच धरून, दुसऱ्या हाताचं बोट वर केलं आणि चेहरे मोजले. खालच्या ओळीपर्यंत गेले, पुन्हा वर आले.

कोणी राहिलं नव्हतं.